‘पंप लागला की सुटत नाही’

फलटण तालुक्यात दमेकऱ्याच्या घरी एक वाक्य हमखास कानावर येते : ‘पंप तेवढा लावून घेऊ नका, एकदा लागला की सुटत नाही.’ एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस ते सांगतो, भावकीतली वडीलधारी सांगतात. मुलीला दमा असेल तर सोयरीक जुळेपर्यंत पंप कपाटात दडवला जातो. तिथे हे वाक्य कोणी बोलत नाही, पण पाळतात सगळे. दवाखान्यात रुग्णच सांगतो, ‘पंप नगं सायेब, सुई मारा आन् गोळ्या द्या.’ बाहेर रांग लागलेली असते, डॉक्टरांना वाद घालत बसायला वेळ नसतो. सुई मारली जाते.

हे मत चुकीचे आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ते स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करते. पंपाला घाबरून उपचार टाळणारा माणूस शेवटी ज्या अवस्थेला जातो, तिच्याकडे बोट दाखवून पुढचा माणूस घाबरतो. मात्र खंडनाआधी पूर्वपक्ष पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. आपल्याकडची वादाची रीतच तशी आहे, आणि इथे तर पूर्वपक्ष मुळीच दुबळा नाही.

पूर्वपक्ष म्हणतो : आमच्या आळीत ज्यांनी ज्यांनी पंप घेतला त्यांचा तो मरेपर्यंत सुटला नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आधी दिवसातून एकदा लागायचा, मग चारदा, मग रात्रीही. म्हणजे सवय लागली. दुसरे, पंपात स्टेरॉइड असते आणि स्टेरॉइडने तोंड सुजते, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. तिसरे, पंपाने रोग मुळातून जात नाही, फक्त दबतो. मुळावरचा इलाज आयुर्वेदात आहे. तेव्हा आधी काढे, मग गोळ्या, मग सुया, आणि सगळे थकले की पंप.

यातला एकही मुद्दा हवेत उभा नाही. उलट इतिहासाने या भीतीला काही काळ आधारही दिला आहे. मोजून फवारा देणारा पहिला पंप 1956 मध्ये अमेरिकेतल्या रायकर कंपनीने बाजारात आणला. 1960 च्या दशकात इंग्लंड आणि वेल्समध्ये आयसोप्रिनॅलिनचे तीव्र मात्रेचे पंप आले आणि दम्याने मरणाऱ्यांची संख्या चढली. 1976 पासून न्यूझीलंडमध्ये तसेच झाले. तिथे फेनोटेरॉल नावाच्या औषधाकडे संशयाची सुई वळली. तेव्हा ‘पंपाने माणसे मरतात’ असे कोणी म्हणाले असते तर त्याला वेड्यात काढता आले नसते. मात्र या मृत्यूंतून वैद्यकाने घेतलेला धडा आणि आपल्या लोकमताने काढलेला निष्कर्ष अगदी एकमेकांच्या विरुद्ध आहेत. तो धडा कळायला आधी औषध छातीत नेमके काय करते ते पाहावे लागते.

श्वासनळ्यांच्या भिंतीत स्नायूंचे वेढे असतात. दम्यात ते आवळतात, नळी अरुंद होते, आणि हवा बाहेर पडताना ती सुंई सुंई वाजते. साल्ब्युटामॉल हे औषध त्या स्नायूंवरच्या बीटा-2 नावाच्या ग्राहींना जाऊन बसते आणि वेढा सैल पडतो. इंग्लंडमधल्या वेअर गावी डेव्हिड जॅक यांच्या चमूने ते 1960 च्या दशकात शोधले आणि 1969 मध्ये ते विक्रीला आले. फवारा घेतल्यावर सुमारे पाच मिनिटांत छाती मोकळी वाटते, आणि चार ते सहा तास तो परिणाम टिकतो. आपल्याकडे ‘निळा पंप’ म्हणतात तो हा.

आता मात्रा पाहू, कारण लोकमताचा सगळा डोलारा ‘पंप म्हणजे जालीम’ या समजुतीवर उभा आहे. साल्ब्युटामॉलची गोळी 4 मिलिग्रॅमची असते. पंपाचा एक फवारा 100 मायक्रोग्रॅमचा. 4 मिलिग्रॅम म्हणजे 4000 मायक्रोग्रॅम. तेव्हा ‘साध्या’ गोळीत चाळीस फवाऱ्यांचे औषध असते. नेहमीच्या दोन फवाऱ्यांच्या ते वीसपट झाले. गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते आणि छातीत पोचण्याआधी साऱ्या अंगभर फिरते. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा जिथे हवा तिथेच जातो. दवाखान्यातल्या यंत्राच्या वाफेचेही तेच. ‘मशीन लावा’ म्हणायला कोणी कचरत नाही, लहान मुलाला तर आवर्जून लावतात. त्या वाफेच्या एका कुपीत तेच साल्ब्युटामॉल बहुधा 2.5 मिलिग्रॅम असते, पंचवीस फवाऱ्यांइतके. ते सगळे फुप्फुसात पोचत नाही हे खरे, पण औषध तेच. गोळी चालते, वाफ चालते, आणि त्याच औषधाची सर्वांत लहान मात्रा मात्र ‘शेवटचा उपाय’ ठरते, याची संगती पूर्वपक्षाने लावून दाखवावी.

सुईचे नाव खेड्यापाड्यांत सर्वांना पाठ आहे : डेरिफायलिन. हे थिओफायलिनच्या घराण्यातले औषध. त्याने नळ्या सैल होतात, पण गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे. मात्रा जास्त झाली तर उलट्या, हृदयाचे अनियमित ठोके, अगदी झटकेसुद्धा येऊ शकतात. ज्या औषधाला वैद्यकाने मागच्या रांगेत नेले ते आपल्याकडे पहिल्या रांगेत आहे, आणि ज्याला पहिल्या रांगेत बसवले त्याला आपण उंबऱ्याबाहेर ठेवले आहे.

सवयीचा मुद्दा मात्र खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. दारूची, तंबाखूची सवय लागते तशी या औषधाची तल्लफ येत नाही. निरोगी माणसाने महिनाभर पंप ओढून बंद केला तर त्याला दमा जडत नाही. तरीही आळीतल्या त्या गृहस्थाला आधी एकदा, मग चारदा, मग रात्रीही पंप लागला, हे निरीक्षण खोटे नाही. त्याचे कारण औषधापेक्षा उपचाराच्या पद्धतीत आहे. दम्यात स्नायू आवळतात ही अर्धीच गोष्ट. नळीच्या आतल्या अस्तराला बारा महिने सूज असते आणि खरा रोग तीच आहे. साल्ब्युटामॉल स्नायू सैल करते, सुजेला हातही लावत नाही. ‘गरज पडली तरच घ्यायचा’ या निश्चयाने माणूस धाप लागली की दोन फवारे मारतो, बरे वाटते, पंप खिशात जातो. सूज वाढत राहते आणि फवारे वाढत जातात. शिवाय एकटे साल्ब्युटामॉल रोज घेतले तर ग्राहींची संवेदना थोडी बोथट होते, हेही मान्य केले पाहिजे. मग रोजचा सूज उतरवणारा पंप? तो ‘स्टेरॉइडवाला’ म्हणून कधी आणलेलाच नसतो. म्हणजे ज्या परावलंबनाला भिऊन माणसाने उपचार निम्मा ठेवला, ते परावलंबन त्या निम्मेपणातूनच आले.

इंग्लंड आणि न्यूझीलंडच्या मृत्यूंनी हाच धडा दिला : नळी सैल करणारे औषध भरमसाट, आणि सुजेकडे दुर्लक्ष. 2014 मध्ये ब्रिटनने आपल्याकडच्या दम्याच्या मृत्यूंची एकेक कागद काढून केलेली तपासणी प्रसिद्ध केली. निळा पंप वापरणाऱ्या ज्या मृतांच्या चिठ्ठ्यांचा हिशेब लागला, त्यांपैकी 39 टक्क्यांना आदल्या वर्षात बाराहून अधिक निळे पंप लिहून दिलेले होते. उलट कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतातल्या नोंदींवरून 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचा वर्षाकाठी प्रत्येक जादा पंप मृत्यूदर सुमारे 21 टक्क्यांनी कमी दाखवत होता. शेवटी 2019 मध्ये दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शिका काढणाऱ्या ‘गिना’ने पाऊल उचलले : नुसत्या निळ्या पंपावर दम्याचा उपचार करू नये. त्याच वर्षी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीत सौम्य दम्याच्या रुग्णांनी त्रास होईल तेव्हा निळ्या पंपाऐवजी बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल यांचा एकत्र पंप घेतला, तेव्हा दमा उसळण्याचे प्रसंग जवळपास निम्म्यावर आले. फॉर्मोटेरॉल नळी लगेच सैल करते आणि बारा तास टिकते, बुडेसोनाइड सूज उतरवते. फॉर्मोटेरॉलच्या जातीचे औषध दम्यात एकटे देऊ नये, स्टेरॉइडच्या जोडीनेच द्यावे, हा नियमही मृत्यूंच्या हिशेबातूनच आलेला आहे.

ज्याच्या घरी निळा पंप आहे त्याने आजच एक हिशेब करावा. निळ्या पंपात साधारण 200 फवारे असतात. महिन्याला एक पंप संपत असेल तर रोज सहा-सात फवारे झाले. वर्षाला तीन पंप लागले तरी दमा आटोक्यात नसल्याची ती खूण मानतात. बारा लागले तर जिवाला धोका. औषधाच्या दुकानात ‘नेहमीचा निळा द्या’ म्हणून महिन्याच्या महिन्याला मिळणारा पंप ही काळजी करण्याची गोष्ट आहे, आणि या एका बाबतीत मी पूर्वपक्षाशी पूर्ण सहमत आहे. त्याने भीती बाळगली ती योग्यच, फक्त भलत्या पंपाची.

स्टेरॉइडबद्दलची धास्ती गोळ्यांच्या अनुभवातून आलेली आहे. महिनोन्महिने प्रेडनिसोलोन खाऊन तोंड सुजलेली, पाठीचे मणके दबलेली माणसे प्रत्येक गावात आहेत. त्यांतल्या पुष्कळांनी ते ‘स्टेरॉइड’ म्हणून खाल्लेलेच नसते. लेबल नसलेल्या दम्याच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणजे पंपातले मोजके, लेबल लावलेले स्टेरॉइड नाकारणारा माणूस पुडीतले बेहिशेबी स्टेरॉइड विश्वासाने घेतो. बुडेसोनाइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. त्यातला जो भाग गिळला जातो, त्यातले बहुतेक यकृत पहिल्याच फेरीत निकामी करते. त्रास होतच नाही असे नाही : आवाज बसतो, तोंडात पांढरी बुरशी येते. त्यासाठीच फवाऱ्यानंतर चूळ भरायची, आणि ही चूळ भरायला सांगणे चिठ्ठी लिहिण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आता आयुर्वेद. इथे पूर्वपक्षाने आपलेच ग्रंथ नीट वाचलेले नाहीत. चरकाने श्वासाचे पाच प्रकार सांगितले. त्यांतला तमक श्वास म्हणजे आजचा दमा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आभाळ भरून आले, पाऊस, थंडी, पूर्वेचा वारा सुटला की तो वाढतो आणि रुग्णाला आडवे पडवत नाही, बसल्यावर बरे वाटते, हे त्याचे वर्णन आजही शब्दशः लागू पडते. पण चरक पुढे काय म्हणतो? नुकता उद्भवलेला तमक श्वास बरा होऊ शकतो. एरवी तो याप्य आहे. याप्य म्हणजे काय ते सुश्रुताने सांगितले आहे : पडायला आलेल्या घराला नीट लावलेला टेकू जसा उभे ठेवतो, तसा चालू असलेला उपचार रुग्णाला सांभाळून धरतो, टेकू काढला की घर पडते. ‘मुळातून घालवतो’ अशी हमी मूळ ग्रंथ जुन्या दम्याला देतच नाहीत. ती हमी एसटीच्या पाठीवरच्या जाहिराती देतात. दरवर्षी मृगाला हैदराबादेत मासा गिळायला जाणारे आणि कोजागिरीच्या रात्री गावोगावी दम्याच्या औषधाची खीर घ्यायला जागणारे लोक त्याच हमीच्या शोधात असतात. त्यांच्या आशेची मला कणव येते. पण त्या खिरीच्या भरवशावर रोजचा पंप बंद करणारा रुग्ण आश्विनाच्या थंडीत मोठी जोखीम पत्करतो.

छातीतून औषध घेणेही परकीय नव्हे. धूमपानाचा विधी चरकात आहे. दम्यासाठी धोतरा ओढण्याची भारतीय रीत 1802 मध्ये जनरल जेंट यांनी मद्रासहून ब्रिटनला नेली, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे युरोपात दम्याच्या सिगारेटी खपत होत्या. धोतऱ्यातल्या नळ्या सैल करणाऱ्या द्रव्यांच्याच कुळातली, पण निवडक काम करणारी औषधे म्हणजे आजची इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध घडले. दम्यावरच्या कनकासव या आयुर्वेदिक औषधात धोतरा असतोच. आपल्याच अंगणातली वनस्पती मोजून, शुद्ध करून, फवाऱ्यातून परत आली तर तिला विलायती म्हणून हाकलून का द्यावे?

इथवर दम्याचे झाले. फलटणच्या परिसरात दुसरा एक रोग आहे, ज्याला अजून आपण नावही दिलेले नाही. साठी ओलांडलेली बाई. नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात उसाच्या रानात राबलेली, चाळीस वर्षे चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली. हळूहळू तिला धाप लागू लागते. आधी डोक्यावर भारा घेतल्यावर, मग हंडा उचलल्यावर, मग नुसते अंगण झाडतानाही. घरचे म्हणतात, ‘वयोमानानं व्हायचंच.’ तिने कधी विडी ओढलेली नसते, म्हणून डॉक्टरांनाही चटकन शंका येत नाही. हा सीओपीडी, श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा रोग. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. साळवी ज्याचे प्रमुख लेखक होते, त्या 2018 च्या अभ्यासानुसार 2016 मध्ये भारतात साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी आणि पावणेचार कोटींहून अधिक लोकांना दमा होता. सीओपीडीच्या ओझ्यातला निम्म्याहून जास्त वाटा घरातल्या आणि बाहेरच्या दूषित हवेचा होता, तंबाखूचा सुमारे पाव.

‘पंपाने काय होणार, चूल बंद करा’ असे इथे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. फलटणच्याच निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी पाचटावर चालणारे गॅसिफायर, अल्कोहोलवरची शेगडी, आणि उजेड व स्वयंपाक दोन्ही देणारा ‘लॅनस्टोव्ह’ यांवर वर्षानुवर्षे काम केले ते याच धुराच्या जाणिवेतून. उज्ज्वला योजनेची गॅसची टाकी 2016 पासून घरोघर आली, पण दुसरी भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. हंगामात पाचटही पेटते. चूल विझलीच पाहिजे. पण चाळीस वर्षांच्या धुराने जे झाले ते चूल विझवून मागे फिरत नाही. त्या बाईला आज अंगण झाडायचे आहे.

सीओपीडीत पंपाचे काम दम्याहून वेगळे असते. तिथे सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडपेक्षा नळ्या दीर्घकाळ सैल ठेवणारे औषध मुख्य. स्टेरॉइड ठरावीक रुग्णांनाच, कारण त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो. टायोट्रोपियमचा परिणाम चोवीस तास राहतो. त्याची चार वर्षे चाललेली ‘अपलिफ्ट’ चाचणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे सहा हजार रुग्ण तिच्यात होते. फुप्फुसाची ताकद घसरण्याचा वेग औषधाने मंदावला नाही. पूर्वपक्ष या वाक्यावर थांबेल. पण त्याच चाचणीत रोग अचानक उसळण्याचे प्रसंग कमी झाले आणि जगण्याची गुणवत्ता सुधारली. फुंकून करायच्या तपासणीत आकडा जेमतेम हलतो, तरी छातीत अडकून राहणारी शिळी हवा बाहेर पडते आणि माणूस दोन पावले जास्त चालतो. दरवर्षी माउलींची पालखी तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढे जाते. तिच्यात पुण्याहून दिवेघाट चढून आलेले म्हातारे वारकरी असतात. त्यांना विचारा, दोन पावलांची किंमत काय ती. अर्थात या औषधानेही तोंड कोरडे पडते, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाला लघवी अडण्याचा त्रास होऊ शकतो. तो सांगूनच औषध द्यायला हवे.

‘पंप घेतला, पण गुण नाही आला’ अशी तक्रार असते तेव्हा बहुधा औषध छातीत पोचलेलेच नसते. फवारा जिभेवर बसतो. यंत्रात घालून भुकटी ओढायची रोटाकॅपची कॅप्सूल तर काही जण पाण्याबरोबर गिळून टाकतात, कारण कॅप्सूल गिळायची असते हेच आजवर शिकवलेले. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग हळू श्वास आत घेत दाबायचा, दहापर्यंत मोजत दम रोखायचा. ज्याला हे जमत नाही त्याने स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लावावा. तो परवडत नसेल तर 1999 मध्ये केपटाऊनच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलेली युक्ती आहे : अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली, तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक, फट बंद केलेली. दमा उसळलेल्या मुलांमध्ये ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. एसटी स्टँडवर रोज शेकड्यांनी फेकल्या जाणाऱ्या बाटल्यांतली एक यासाठी पुरते. ती करून द्यायला पाच मिनिटे लागतात, आणि आशाताईंना शिकवली तर वाडीवस्तीवर पोचेल.

राहिला शीर्षकातला प्रश्न : मग सुटतो की नाही? दम्यात, साधारण तीन महिने त्रास पूर्ण आटोक्यात राहिला तर डॉक्टर रोजच्या पंपाची मात्रा पायरीपायरीने उतरवतात, आणि कित्येकांना पुढे अगदी थोड्या मात्रेवर, काहींना फक्त त्रास होईल तेव्हा घ्यायच्या एकत्र पंपावर राहता येते. ही पायरी नियमित घेणाऱ्यालाच उतरता येते. सीओपीडीत पंप सहसा सुटत नाही, कारण रोग जात नाही. तिथे रुग्णाला हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे, आणि दोन-तीन महिन्यांनी पंप कसा ओढतो ते समोर करून दाखवायला लावावे.